चौतिसाव्या उत्तराची दुरुस्ती

दिनांक १८ जानेवारी २०२५, वार शनिवार, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटे. मुक्काम नाशिक रोड, बिटको चौकापासून हाकेच्या अंतरावर असलेले एक सार्वजनिक वाचनालय, पहिला मजला, मासिकांच्या दालनातील खिडकीजवळचे टेबल. या वेळी व या ठिकाणी ॲडव्होकेट कुंदन रावजी आढाव, वय एकतीस, हे विनामूल्य कायदेविषयक सल्ला देण्यासाठी बसले असताना त्यांच्यासमोर एक तरुणी येऊन उभी राहिली आणि तिने पहिल्याच वाक्यात त्यांची चूक काढली.

“तेराव्या लेखात तुम्ही ज्याला भाडेकरू म्हणता, त्यालाच एकोणतिसाव्यात परवानाधारक म्हणता. दोघं एकच आहेत का?”

कुंदनने मान वर केली. थंडीने गाल लालसर झालेले, कानांवरून घेतलेली मोरपंखी ओढणी, आणि दोन्ही हातांत, देवापुढे नैवेद्य धरावा तसे धरलेले एक सडपातळ पुस्तक. तिने ते टेबलावर ठेवले. मरून कापडाची पाठ, करड्या कागदाचे पुठ्ठे. आत त्याचेच लेख, कात्रणे करून, ओळीने चिकटवून, शिवून बांधलेले.

एका स्थानिक साप्ताहिकात दर शुक्रवारी त्याचे ‘विचारा, सांगतो’ हे सदर येई. घरमालक अनामत परत देत नाही, काय करू? नोकरीचा करार मध्येच सोडला तर मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवता येतात का? मृत्युपत्र साध्या कागदावर चालते का? लोक असे प्रश्न पाठवीत आणि कुंदन जुन्या, घोटीव गद्याच्या वळणाने त्यांची उत्तरे लिही. एकेक वाक्य तो तीन-तीनदा तासून घेई. रावजींनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, उभी हयात नोटांच्या छापखान्यात काढली होती. तेथे एक रेघ हलली की अख्खा ताव बाद. मुलगा त्याच मुशीतला निघाला. उत्तर निःशंक असले की शेवटी तो दोनच शब्द लिही: ‘निश्चिंत असावे.’ या दोन शब्दांचा त्याला मनातून फार अभिमान होता.

“हे... हे तुम्ही बांधले?”

“संध्याताईंनी सांगितलं म्हणून. एक्केचाळीस लेख आहेत. बांधता बांधता वाचले.” संध्याताई म्हणजे ग्रंथपाल. “आता माझ्या प्रश्नाचं बोला.”

“भाडेकरू आणि परवानाधारक एक नव्हेत. पहिल्याला जागेत हक्क मिळतो, दुसऱ्याला केवळ वापराची मुभा.”

“म्हणजे तेराव्यात चुकलात.”

“चुकलो नाही. तेथे संदर्भ वेगळा होता.”

“असं होय!” ती हसली. “आम्ही चुकतो तेव्हा चूक असते, वकील चुकले की संदर्भ वेगळा असतो.”

मासिके लावीत असलेल्या संध्याताईंना खोकल्याची उबळ आली. ती खोकल्याची नव्हती, हे कुंदनच्या ध्यानात आले. आणि आयुष्यात प्रथमच एखाद्या वादात प्रत्युत्तर सुचूनही त्याने ते दिले नाही. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर दोऱ्याचा कापलेला बारीक वण होता आणि नखाशी खळ वाळून पांढरी झाली होती. तो तिकडेच पाहत राहिला.

तिचे नाव प्रतिभा साळवे. अंबडच्या एका छापखान्यात ती बांधणी विभागात होती, आणि त्या नोकरीचा करार तिने पुस्तकाखालून पुढे सरकवला. नोकरी सोडल्यावर दोन वर्षे नाशकात हेच काम करायचे नाही, अशी त्यात अट होती.

“मला स्वतःचं काम सुरू करायचंय. जमेल?”

कुंदनने करार शेवटपर्यंत वाचला. “नोकरीत असेपर्यंत हे बंधन चालते. नोकरी सुटल्यावर कोणाच्या पोटापाण्याच्या उद्योगावर अशी बंदी घालता येत नाही. ही अट कायद्याने पोकळ आहे. रीतसर नोटीस द्या, राजीनामा द्या, आणि खुशाल काम सुरू करा.”

“निश्चिंत असू?” तिने विचारले. डोळ्यांत हसू मावत नव्हते.

“असावे,” कुंदन म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत तापला.

पुढच्या शनिवारी ती भाडेकरार घेऊन आली. जेल रोडवर एक गाळा पाहिला होता. मालक म्हणे, अकरा महिन्यांचा करार, त्याला नोंदणीबिंदणी काही लागत नाही. “अकरा महिन्यांचा असो वा अकरा दिवसांचा, आपल्या राज्यात तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा,” कुंदनने सांगितले; आणि मग विनाकारण आणखी चाळीस मिनिटे सांगत राहिला. तिनेही विनाकारण ऐकले. त्यापुढच्या शनिवारी गाळ्याचा बेतच बारगळला होता. तिची आत्या म्हणाली होती, “भाडं कशाला भरतेस? पुढची खोली घे.” प्रश्न संपला होता, तरीही ती हे सांगायला आली होती.

“एवढ्यासाठी विहितगावाहून आलात?”

“नाही. वाचनालयाची पुस्तकं पोचवायला आले.” तिच्या हातात एकही पुस्तक नव्हते. दोघांनीही ते पाहिले, आणि दोघांनीही खिडकीबाहेर पाहिले.

“वकीलसाहेब,” ती गेल्यावर संध्याताई म्हणाल्या, “पुढच्या शनिवारी टेबलावर फुलदाणी ठेवू का? बूट चकाचक झालेच आहेत, म्हणून विचारलं.”

*

पंधरा फेब्रुवारीचा शनिवार उजाडला तो लख्ख. प्रतिभा आली तीच वारा प्यायल्यासारखी. येताना द्राक्षांचा एक घड आणला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून. आणि एक पाकीट.

“आज सल्ला विचारायला नाही, शाबासकी घ्यायला आलेय. आत्यानं मृत्युपत्र केलं. घर माझ्या नावे, म्हणजे खोली कायमची माझी. नाहीतर तिच्यामागं बाबांच्या वाट्याचं अर्धंच मला, अर्धं पुण्याच्या काकांकडं जाईल, आणि काका तर विकायलाच बसलेत. सगळं तुमच्या लेखावरून केलं हं! साक्षीला शेजारचे गोटीरामकाका होते. दुसरं कुणी मिळेना, मग तुमचा चौतिसावा लेख काढला: ज्याला लाभ मिळायचा, त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली तर चालते का? तुम्ही लिहिलंय, चालते. मग दुसरी सही मीच ठोकली.”

कुंदनने पाकिटातून कागद काढला. परिचारिकेचे असावे तसे गोल, स्वच्छ अक्षर. त्याने पहिली ओळ वाचली: ‘मी, कुमारी कुसाबाई दाविद साळवे, वय ७९, धर्म ख्रिस्ती, निवृत्त परिचारिका...’

पुढच्या ओळी त्याला दिसल्या नाहीत.

कायदा शिकताना त्याने हे पाठ केले होते. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून जो सही करतो, त्याला वा त्याच्या पतीला अगर पत्नीला त्या मृत्युपत्राने दिलेले काहीही मिळत नाही. सदुसष्टावे कलम. हिंदूंना ते लागू नाही. ख्रिस्ती माणसाला आहे. आजवर त्याच्यापुढे आलेली सारी मृत्युपत्रे एकाच समाजाची होती, म्हणून तो लिहिताना ही दुसरी बाजू विसरला. विसरला तो विसरला, वर ‘निश्चिंत असावे’ असे लिहून बसला. समोरची मुलगी कोण, काय, हेही त्याने कधी विचारले नव्हते. आडनाव ओळखीचे, बोली आपली. त्याने सगळे जग आपल्याच घरचे धरले होते.

म्हणजे ही एक सही करून तिने स्वतःच्या हाताने स्वतःचे घर सोडले होते. त्याच्या शब्दावर.

आत्या हयात होती. नवा कागद करायला अर्धा तास पुरला असता. ‘मी चुकलो’ हे दोन शब्द उच्चारायला एक क्षण पुरला असता. तो क्षण समोर उभा होता आणि प्रतिभा त्याच्याकडे पाहत होती: विश्वासाने, थोड्या मिजाशीने, हनुवटी किंचित वर करून.

“कसं झालंय?”

“छान आहे,” कुंदन म्हणाला.

“नुसतं छान? अहो, अक्षर बघा तिचं!”

“अक्षर... फारच छान आहे.”

तिने द्राक्षे पुढे केली. त्याने एक मणी तोंडात टाकला. पहिली चूक अज्ञानाची नसली तरी अनवधानाची होती. तिला क्षमा होती. पण ‘छान आहे’ हे दोन शब्द जाणून-बुजून उच्चारलेले होते. आता खरे सांगायचे तर दोन चुका सांगाव्या लागणार होत्या, आणि दुसरीला ‘संदर्भ वेगळा होता’ हे उत्तर चालणारे नव्हते.

त्या आठवड्यात त्याने तीनदा फोन उचलला व तीनदा ठेवला. मग त्याला एक युक्ती सुचली. ती सुचली याचीच पुढे त्याला सर्वाधिक लाज वाटली. त्याच्याजवळ वारसा कायद्याची जुनी प्रत होती, पाठ सुटलेली. त्याने सदुसष्टाव्या कलमाच्या पानात पिवळ्या कागदाची पट्टी खूण म्हणून घातली आणि बावीस तारखेच्या शनिवारी ते पुस्तक तिच्या हाती दिले.

“एवढे बांधून द्याल?”

“पुस्तक आजारीच आहे की. पंधरा दिवस लागतील.” तिने पाठीवरून बोट फिरवले. “जपून बांधीन. तुमचं आहे.”

त्याचा हिशेब सरळ होता. बांधताना ती वाचते. एक्केचाळीस लेख तिने असेच वाचले होते. खुणेचे पान उघडेल, कळेल, संतापेल. संतापू दे. कागद तर दुरुस्त होईल, आणि आपल्याला तोंड उघडावे लागणार नाही.

पंधरा दिवस तो तिच्या संतापाची वाट पाहत राहिला. आठ मार्चला ती आली. हसतच. पुस्तक नव्या नवरदेवासारखे सजले होते: काळी कापडी पाठ, त्यावर सोनेरी अक्षरे, जुनी पाने एकेक जुडी सुटी करून पुन्हा शिवलेली. आणि पिवळी पट्टी जेथल्या तेथे.

“तुम्ही... हे वाचले नाही?” त्याच्या तोंडून निघून गेले.

“हे? छे! वाचनालयाची पुस्तकं गावाची, ती वाचते. गिऱ्हाइकाच्या घरचं पुस्तक वाचायचं नसतं. आणि खूण तर मुळीच हलवायची नाही. पान सुटं करायच्या आधी आकडा टिपून ठेवायचा आणि शिवून झालं की खूण परत तिथंच. अंबडला आमच्या मुकादमांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं: खूण म्हणजे माणसाचं मन असतं, त्यात बांधणाऱ्यानं डोकावू नये.” ती थांबली. “चेहरा का असा केलात? सोनेरी नको होतं का?”

“फार... फारच छान आहे,” कुंदन म्हणाला. यावेळी तो खरे बोलला होता. तरीही शब्द तेच होते, आणि ते तोंडात कडू लागले. ती आपल्या धंद्याचा धर्म पाळून आली होती. आपण आपल्या धंद्याचा काय पाळला, हे त्याला कोणी विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

*

बारा मार्चला, बुधवारी सकाळी, संध्याताईंचा फोन आला. प्रतिभाच्या आत्याला आदल्या दिवशी छातीत कळ आली होती. दवाखान्यात हलवले होते.

कुंदन न्यायालयात न जाता तडक तिकडे गेला. अतिदक्षता विभागाबाहेरच्या लोखंडी बाकावर प्रतिभा बसली होती. केस विसकटलेले, मांडीवर आत्याचा चष्मा. त्याला पाहताच ती उठून उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर जो दिलासा पसरला तो पाहून कुंदनला भूमी दुभंगावी असे वाटले.

“बरं झालं आलात. डॉक्टर म्हणतात, शुद्धीवर आहे, पण चोवीस तास—”

“प्रतिभा, मला काही सांगायचे आहे. आधी ऐका, मग हवे ते बोला.” आणि तो बोलला. कलम, लेख, सही, सगळे. कायद्याचे बारीकसारीक काही वगळले नाही. वगळली ती फक्त कळल्याची तारीख आणि ती पिवळी पट्टी.

तिने शांतपणे ऐकले. “म्हणजे माझ्या सहीनं घर गेलं.”

“आत्या बऱ्या झाल्या की नवा कागद होईल. जाणार नाही. पण त्या जर...”

“कधी कळलं तुम्हाला?”

“पंधरा फेब्रुवारीला. कागद हातात घेतला तेव्हाच.”

“छान आहे म्हणालात तेव्हा?”

“हो.”

तिने चष्म्याच्या काड्या मिटल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या. मग तिला काही आठवले असावे. मान झटकन वर झाली.

“ती पिवळी पट्टी... मुद्दाम होती?”

कुंदनला खोटे बोलण्याची ही शेवटची संधी होती. “मुद्दाम होती.”

“वा!” ती म्हणाली, आणि तिचा आवाज प्रथमच फाटला. “मी ते पान डोळे मिटल्यासारखं शिवलं, कुंदन. तुमचं काहीतरी खाजगी असेल म्हणून. आणि तुम्हाला माझ्याच हातून माझा निकाल वाचून घ्यायचा होता! घराचं काय, अर्धं गेलं तर अर्ध्यात बसेन. चुकला असतात आणि बोलला असतात तर मी चिडवून चिडवून जीव घेतला असता, दुसरं काय केलं असतं? पण तुम्ही माझ्यासमोर बसून द्राक्षं खाल्लीत.”

“एकच मणी खाल्ला,” तो म्हणाला, आणि म्हणताक्षणीच जीभ तोडून टाकावीशी वाटली.

“जा तुम्ही. आत्या उठली तर निरोप देईन. त्या टेबलाशी मी यायची नाही.”

आठवडाभराने, एकवीस मार्चला, सदराचा पन्नासावा लेख छापून आला. संपादकांना त्यात कौतुकसोहळा हवा होता; वाचकांची पत्रे, छायाचित्र. कुंदनने दिला तो मजकूर असा होता:

‘चौतिसाव्या उत्तरात मी चुकलो. मृत्युपत्राचा साक्षीदार लाभार्थी असेल तर लाभ जात नाही, हे हिंदूंपुरते खरे आहे. ख्रिस्ती वाचकांच्या बाबतीत तो लाभ जातो. ज्यांनी माझ्या शब्दावर तसे केले असेल त्यांनी नवा कागद करावा. मी घरी येऊन विनामूल्य करून देईन. येथे संदर्भ वेगळा नव्हता. सगळे वाचक माझ्याच घरचे आहेत असे मी धरून चाललो, आणि विचारावा तो प्रश्न विचारला नाही. चूक उमगल्यावर पंचवीस दिवस गप्प राहिलो. ही दुसरी चूक, आणि ती पहिलीहून मोठी आहे.’

शेवटचे दोन शब्द त्याने लिहिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी टेबलाशी सहा जण आले. “वकीलसाहेब,” एका वृद्धाने विचारले, “आमच्या वेळचं उत्तर बरोबर होतं ना हो?” तो उपहास नव्हता, निव्वळ काळजी होती, म्हणूनच ती अधिक झोंबली. कुंदनने त्या सहाही जणांचे कागद पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासले. संध्याताईंनी त्या दिवशी थट्टा केली नाही. नुसता चहा आणून ठेवला.

*

“हॅलो, आढाव वकील का? मी गोटीराम बोलतोय, विहितगाव. कुसाबाई सिस्टर घरी आल्यात. त्येंनी बोलावलंय तुम्हाला शनवारी. आन् येताना कोरे कागद आणा म्हने. चांगले. पातळ नाय.”

एकोणतीस मार्च, पाडव्याचा आदला दिवस. आभाळ अवकाळी दाटून आले होते, चार टपोरे थेंब पडून थांबले होते, आणि मातीला वास सुटला होता. गोटीरामच्या ओट्यावर झेंडूचे ढीग होते. तो आणि त्याची बायको रंगूबाई माळा ओवीत बसली होती. शेजारचेच घर कुसाबाईंचे. दूर देवळालीच्या बाजूला तोफखान्याचा सराव चालू होता. मधूनच धप्प असा आवाज येई आणि खिडक्यांची तावदाने थरथरत.

कुंदनने कुसाबाईंचे भान शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला, कागद आणि ते काळ्या पाठीचे पुस्तक बरोबर आणले होते. पुढच्या खोलीत पाऊल टाकताच खळीचा ओलसर, आंबूस वास आला. प्रतिभा दाभणात दोरा ओवीत होती. तिने वर पाहिले नाही. पण तिच्या बाजूला त्याच्या लेखांचे मरून पुस्तक उघडे होते, आणि ते त्याने पाहिले. तिने शिवण उसवली होती आणि पन्नासावा लेख पन्नासाव्या जागी न लावता चौतिसाव्याच्या समोरासमोर शिवला होता; एक वाचताना दुसऱ्यावर नजर पडलीच पाहिजे असा.

तो काही बोलणार होता.

“तोच का रे तू, निश्चिंत?” आतल्या खाटेवरून आवाज आला. कुसाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. कापसासारखे केस, डोळे मात्र सुईसारखे. “ये, बस. मी अडतीस वर्षं वॉर्ड सांभाळले. एकदा माझ्या हातून चुकीचं इंजेक्शन गेलं. पाच मिनिटांत डॉक्टरांपुढं जाऊन उभी राहिले. रोगी वाचला. तुला पंचवीस दिवस लागले म्हणे?”

“हो.”

“कसे गेले?”

“वाईट गेले, सिस्टर.”

“हं.” त्यांनी त्याच्याकडे नाडी मोजावी तसे काही वेळ पाहिले. “माझी ती पाच मिनिटं अजून गेली नाहीत. कागद दे.”

त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले. दोनदा थांबल्या, पाणी प्याल्या, पुन्हा लिहिले. कुंदनने एकेक ओळ तपासली. त्यांनी सही केली. मग गोटीराम पुढे आला, झेंडूने पिवळी झालेली बोटे धोतराला पुसली आणि सावकाश सही केली.

“आता तू कर,” कुसाबाई कुंदनला म्हणाल्या. “तुझ्यामुळं झालं, तूच पुरं कर.”

कुंदनने पेन उघडले. कागदावर टेकवले. आणि उचलून घेतले.

“दुसरे कोणी... मिळेल का?”

प्रतिभाने प्रथमच त्याच्याकडे पाहिले. “का? आता आणखी काय लपवलंय?”

“हेच.”

“हेच म्हणजे?”

“साक्षीदाराला दिलेले जसे जाते, तसे...” त्याने काळ्या पाठीचे पुस्तक पुढे सरकवले. “तसे साक्षीदाराच्या पत्नीला दिलेलेही जाते.”

गोटीरामने डोके खाजवले. “पर वकीलसाहेब, तुमचं तर लगीन झालेलं नाय ना?”

“नाही झाले.”

“मंग?”

“म्हणूनच.”

दूर तोफ धडाडली. तावदाने थरथरली. गोटीरामच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडले. “आरं तिच्यायला...” तो म्हणाला, आणि कुसाबाईंकडे पाहून जीभ चावली.

प्रतिभाने ते काळे पुस्तक उचलले, पिवळी पट्टी बाजूला केली आणि ते पान वाचले. दोनदा वाचले. तिच्या मानेवर लाली चढत होती, पण आवाज तिने करडाच ठेवला. “यात पत्नी लिहिलंय. सही करताना असलेली पत्नी. पुढंमागं होणारी नाही.”

“बहुधा तसाच अर्थ लागतो.”

“बहुधा?”

“एकदा मी फार निश्चिंतपणे लिहिले होते. या घराच्या कागदात आता माझे ‘बहुधा’ देखील नको. मी सही केली नाही तर शंकेला जागाच उरत नाही.”

“आणि मी हो म्हणणार, हे तुम्ही धरूनच चाललात? पुन्हा?”

“नाही.” हे उत्तर त्याने तासून आणले नव्हते. “तुम्ही नाही म्हणालात तरी कागद पक्का राहील. हो म्हणालात तरी राहील. एवढेच माझ्या हाती होते.”

प्रतिभाने पुस्तक मिटले; पट्टी हातातच राहिली.

“घरी माहीत आहे?” कुसाबाईंनी विचारले.

“सांगितले. वडील म्हणाले, आधी तिला विचार. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विचारू लागली, मुलीला बाजरीची भाकरी येते का.”

“नाही येत,” प्रतिभा म्हणाली.

“मला येते,” कुंदन म्हणाला.

तिला हसू आले. ते लपवायला तिने मान फिरवली, पण उशीर झाला होता. मग ती पट्टी तिने मुठीत घेतली. “ही माझ्याकडे राहील. यापुढं मला काही सांगायचं असेल तर पुस्तकात खूण ठेवायची नाही. तोंडानं सांगायचं. चूक असली तरी. लाज वाटली तरी.”

“तोंडाने सांगेन.”

“मग सांगा की.”

त्याने ओठ ओले केले. त्याच्या डोक्यात तीन सुरेख वाक्ये तयार होती. एकही उपयोगाचे नव्हते. “माझ्याशी लग्न कराल?”

प्रतिभा दाराकडे गेली. चौकटीला हात टेकून क्षणभर पाठमोरी उभी राहिली. ओढणीचे टोक वाऱ्याने उडत होते, आणि मुठीतून पिवळा कागद डोकावत होता. मग तिने शेजारच्या ओट्याकडे पाहून हाक मारली... जरा मोठ्यानेच, जरा थरथरत्या आवाजात.

“रंगूमावशी! हात धुऊन या जरा. सही करायचीय. वकील करत नाहीत!”

“आन् का गं?” तिकडून आवाज आला.

“या तर खरं! सांगते...”

कुसाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. कुंदन हातातले पेन बंद करावे की उघडे ठेवावे या संभ्रमात उभा होता. त्यांनी ते त्याच्या हातातून काढून घेतले, टोपण लावले आणि कागदावर आडवे ठेवले.

“साक्षीदार म्हणून हा बाद,” त्या म्हणाल्या. “नवरा म्हणून चालेल.”